साने गुरुजी आणि शाळेतले धर्मशिक्षण



जून महिना आला की आपल्या धर्मग्रामातल्या घराघरांत शाळेची गडबड सुरू होते. नवी दप्तरे, वह्यांची कव्हरे, गणवेश, फीची जुळवाजुळव. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आईवडील भेटतात, तेव्हा बोलणेही शाळेचेच असते. त्यात एक प्रश्न दरवर्षी निघतो. आपली कितीतरी मुले जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा इतर संस्थांच्या शाळांत जातात. तेथे त्यांना आपला धर्म कोण शिकवणार? काहीजण उलट बाजूने विचारतात. मिशनच्या शाळांत बहुतेक मुले इतर धर्मांची असतात, मग तेथे धर्माचे नावच काढू नये का? बोलता बोलता दोन्ही बाजूंचे पालक एकाच काळजीवर येऊन थांबतात. मुले शिकतील, गुण मिळवतील, पण चांगली माणसे होतील का?

हा प्रश्न आजचा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच खानदेशात, अमळनेरच्या शाळेत, एका तरुण शिक्षकापुढे तो उभा होता. त्यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला नाही. सहा वर्षे मुलांमध्ये राहून त्यांनी उत्तर देऊन दाखवले. ते शिक्षक म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात आपल्या सर्वांचे साने गुरुजी. 11 जून हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने त्यांचे जीवन आपण थोडे आठवू या.

आईची शाळा

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव हे खोत घराण्यातले. एके काळी घरची स्थिती चांगली होती, पण पुढे कर्ज वाढत गेले आणि घरात गरिबी आली. आई यशोदाबाई फार शिकलेल्या नव्हत्या. देवावर श्रद्धा ठेवणाऱ्या, कष्ट करणाऱ्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जपणाऱ्या अशा त्या साध्या गृहिणी होत्या.

या आईने मुलाला जे शिकवले ते पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकातून साऱ्या महाराष्ट्राला कळले. त्यातल्या दोन गोष्टी आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतील. अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो, तेव्हा आई त्याला समजावते की पायांना जसे जपतोस तसे मनालाही जप. दुसऱ्या एका प्रसंगी, अस्पृश्य मानलेल्या एका म्हाताऱ्या बाईची लाकडाची मोळी रस्त्यात पडते आणि शिवायला कोणी तयार होत नाही. तेव्हा हीच आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. घरात देवपूजा होती, उपासतापास होते, पण त्या पूजेचा शेवट माणसाला हात देण्यात होत होता. धर्म आणि नीती असे दोन वेगळे विषय त्या घरात नव्हते.

येथे आपण एक गोष्ट मनात धरून ठेवू. गुरुजींना धर्म शिकवला तो शाळेने नव्हे, तर आईने.

गावातले शिक्षण संपल्यावर पांडुरंग पुण्याला मामांकडे गेला. तेथे मन रमले नाही, म्हणून तो परत आला आणि दापोलीच्या मिशन शाळेत शिकू लागला. म्हणजे गुरुजींच्या शिक्षणात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेचाही वाटा आहे. पुढे पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा गरीब मुलांची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तेथे हाल सोसले. प्लेगची साथ आली म्हणून तेही सोडावे लागले. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात, कधी अर्धपोटी राहून, त्याने शालेय शिक्षण पूर्ण केले. याच काळात, 1917 साली, आई गेली. शेवटच्या घडीला तो तिच्याजवळ नव्हता. हे दुःख गुरुजींना आयुष्यभर पुरले.

अमळनेरची सहा वर्षे

पुण्यात पुढचे शिक्षण घेऊन गुरुजी अमळनेरला आले. येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था चालत होती. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करावा म्हणून ते तेथे दाखल झाले. पण केवळ ग्रंथांत त्यांचा जीव रमेना. 1924 साली ते तेथल्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. लवकरच शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

त्या काळचे अमळनेर आपण डोळ्यांपुढे आणू या. बोरी नदीच्या काठचे, सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांना प्रिय असलेले आणि कापडगिरणीच्या भोंग्यावर चालणारे हे गाव. पूर्व खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून मुले तेथे शिकायला येत. घर सोडून आलेली, आईच्या आठवणीने रडणारी, कधी एकमेकांशी भांडणारी ती मुले. त्यांना कसे घडवायचे?

छडी हा त्या वेळचा सर्वमान्य उपाय होता. गुरुजींनी दुसरी वाट धरली. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः झाडू लागत. अंथरुणे नीट घडी करून ठेवत. मळलेले कपडे धुऊन टाकत. आजारी मुलाच्या उशाशी बसून राहत. आपले शिक्षक आपली खोली झाडताहेत हे पाहून मुले ओशाळत आणि हळूहळू स्वतःच कामाला लागत. स्वच्छता, श्रम आणि दुसऱ्याची काळजी यांचे धडे असे शब्दांवाचून दिले जात.

दुसरे साधन लेखणीचे. गुरुजी छात्रालयासाठी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित तयार करून मुलांना वाचायला लावून ठेवत. त्यात देशोदेशीच्या घडामोडी असत, थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे असत, छात्रालयातल्या घटनाही असत. एका माणसाने मुलांसाठी रोज वर्तमानपत्र लिहून काढायचे, तेही हाताने, म्हणजे केवढे कष्ट! यातूनच 1928 साली ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले.

गुरुजी स्वतः भक्तिमार्गी होते. संतांचे अभंग त्यांच्या ओठांवर असत. मनात आणले असते तर छात्रालयाचे एखाद्या पंथाच्या मठात रूपांतर करणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. त्यांनी धर्म वेळापत्रकात घातला नाही आणि आपल्या जगण्यातून काढूनही टाकला नाही. शिक्षकाची श्रद्धा मुलांना त्याच्या वागणुकीतून दिसत होती. ती त्यांच्यावर लादलेली नव्हती.

धुळ्याच्या तुरुंगातले रविवार

1930 साली मिठाच्या सत्याग्रहाने देश हलला. गुरुजींनी एप्रिल महिन्याच्या अखेरीस शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. पुढची वर्षे तुरुंगाच्या आतबाहेर गेली. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे कैदी भेटले. तेथे ते तमिळ शिकले आणि ‘कुरल’ या प्राचीन ग्रंथाचा मराठी अनुवाद त्यांनी केला. भारताच्या एका प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी ही ‘आंतरभारती’ची कल्पना तेथेच रुजली.

1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. आचार्य विनोबा भावेही तेथेच होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. एकूण 18 अध्याय, 18 रविवार. ती सारी प्रवचने गुरुजींनी बसून लिहून घेतली, म्हणून ती आज पुस्तकरूपाने जगापुढे आहेत. आपल्या धुळे शहरात घडलेली ही घटना आहे.

या प्रसंगाकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहू या. तुरुंग सरकारी होता. सरकारने काही तेथे गीतेचा तास लावला नव्हता. हजेरीपट नव्हता, परीक्षा नव्हती, गुण नव्हते. ज्याच्या मनात ओढ होती त्याने ऐकले. धर्म हा असाच मोकळ्या मनाने घेतला तर अंगी लागतो.

पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या चार-पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहिला. आचार्य अत्रे यांनी 1953 साली त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

बंद दरवाजा

तुरुंगातून सुटल्यावर गुरुजी पुन्हा वर्गात गेले नाहीत, पण खानदेश त्यांनी सोडला नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले. 1938 साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. ‘भारतीय संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी लिहिले, तसेच ‘इस्लामी संस्कृती’ हेही लिहिले. शेजाऱ्याचा धर्म प्रेमाने समजून घ्यावा हे त्यांनी स्वतः आधी केले, मग इतरांना सांगितले.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा त्यांना एक गोष्ट बेचैन करू लागली. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दर्शन दलितांना मिळत नव्हते. ज्या देवाला सारे माउली म्हणतात, त्याच्या दारातून काही लेकरांना परत पाठवले जात होते. गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. काही दिवसांत मार्ग निघाला आणि मंदिर सर्वांना खुले झाले.

आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे आहेत, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओसरीवर वेगळे बसावे लागले होते. त्यांना पंढरपूरच्या उपोषणाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. देवापुढे सारे समान आहेत असे पुस्तकात शिकवायचे आणि दार मात्र बंद ठेवायचे, तर मुले पुस्तकापेक्षा दाराकडूनच धडा घेतात. हे मंदिराबाबत खरे आहे, शाळेबाबत खरे आहे आणि आपल्या चर्चच्या बाकांबाबतही खरे आहे.

जानेवारी 1948 मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्या दुःखाने गुरुजींनी 21 दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पण मन खचत गेले होते. 11 जून 1950 रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन स्वतःच संपवले. इतक्यांचे अश्रू पुसणारा माणूस आतून किती एकटा पडला असेल! ख्रिस्तसभा अशा आत्म्यांचा निवाडा करत नाही. त्यांना देवाच्या दयेवर सोपवून ती त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपणही तेच करू या. आपल्या आसपास कोणी असे गप्प गप्प झाले असेल तर त्याला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि डॉक्टरांची मदत घ्यायला त्याच्यासोबत जावे.

कायदा काय सांगतो

गुरुजी गेले त्याच वर्षी, 26 जानेवारी 1950 रोजी, भारताची राज्यघटना लागू झाली होती. आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिच्या 28 व्या कलमात आहे. पालकांनी ते समजून घेतलेले बरे.

जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तेथे कोणत्याही एका धर्माचे शिक्षण देता येत नाही. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तेथे धर्माचा तास किंवा उपासना होऊ शकते, पण कोणालाही त्यात बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांची संमती लागते. 30 व्या कलमाने आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मिशनच्या शाळेत ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास ठेवता येतो. इतर धर्मांच्या मुलाला मात्र संमतीवाचून तेथे बसवता येत नाही. हाच नियम इतर संस्थांच्या शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांचेही रक्षण करतो.

या कलमाची चर्चा घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये झाली. सरकारी शाळा सर्वांच्या करातून चालते आणि आपल्या देशात धर्म अनेक आहेत, मग एका धर्माचे शिक्षण सर्वांच्या पैशाने कसे द्यायचे, असा मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेव्हा मांडला होता. पुढे 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने एक फरक स्पष्ट केला. एका धर्माची शिकवण देणे वेगळे आणि सर्व धर्मांची ओळख करून देणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला घटनेची आडकाठी नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठ व मूल्यशिक्षण आले ते याच चौकटीत. श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, नीटनेटकेपणा ही मूल्ये मुले आज शाळेत शिकतात. अमळनेरच्या छात्रालयात झाडू घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकाने यातली बरीचशी मूल्ये आधीच शिकवली होती.

कोणी म्हणेल, सगळेच शिक्षक साने गुरुजी नसतात. अगदी खरे आहे. म्हणूनच तर कायदा लागतो. गुरुजींनी मुलांच्या मनावर जबरदस्ती न करण्याचे जे पथ्य आपणहून पाळले, तेच पथ्य घटनेने सर्वांसाठी नियम म्हणून घालून दिले. पण कायदा कोणाला प्रेम करायला शिकवू शकत नाही. परिपाठात दहा मूल्ये पाठ झाली आणि शिक्षक उशिरा आले, की वक्तशीरपणाचा धडा तेथेच संपतो.

मग धर्म कोठे शिकवायचा?

याचे उत्तर पालगडच्या त्या घरात आहे. धर्म आईने शिकवला, शिक्षकाने तो जगून दाखवला आणि शाळेने सर्वांना एकत्र बसवले. प्रत्येकाने आपापले काम केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात हेच मांडले आहे की आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत. त्याच दिवशी, 28 ऑक्टोबरला, परिषदेने इतर धर्मांविषयी आदर बाळगण्याचे घोषणापत्रही प्रसिद्ध केले. या दोन्ही गोष्टी एकत्रच घ्यायच्या आहेत.

तेव्हा आपण स्वतःला विचारू या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपला धर्म शिकवत नाहीत अशी तक्रार करताना, आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना होते का? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला आपण मुलांना वेळेवर पाठवतो का, की शिकवणीचे आणि क्रिकेटचे निमित्त चालते? पवित्र शास्त्र घरात कपाटाच्या वर ठेवलेले असते, की कोणी ते उघडून मुलांना वाचून दाखवतो? शाळेतला अर्धा तास ही उणीव भरून काढू शकणार नाही, मग ती शाळा सरकारची असो की मिशनची.

आपल्या धर्मग्रामात शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांना आमची नम्र विनंती. आपल्या वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, आदिवासी, ख्रिस्ती अशी सारी मुले बसतात. त्यांच्यापुढे प्रभू येशूचे नाव घेण्याची संधी मिळेल किंवा मिळणार नाही. पण शेवटच्या बाकावरच्या मुलाचे पाय धुण्याची, म्हणजे त्याची सेवा करण्याची संधी रोज मिळते. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांना शिकवले ते असेच, कमरेला टॉवेल बांधून.

फेब्रुवारी 2024 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा संमेलनाच्या नगरीला साने गुरुजींचेच नाव दिले होते. सहा वर्षे शिकवलेल्या एका शिक्षकाला गाव अजून विसरलेले नाही. त्यांनी लिहिलेली प्रार्थना शाळाशाळांतून म्हटली जाते आणि आपली मुलेही ती म्हणतात. ती म्हणताना त्यांना अडखळण्याचे काही कारण नाही. त्यात सांगितलेले प्रेम त्यांनी आधी आपल्या घरात पाहिलेले असावे, एवढीच काळजी आपण घ्यायची आहे.

येत्या आठवड्यात शाळा सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे. मुलांच्या नव्या वह्या-पुस्तकांवर हात ठेवून छोटीशी प्रार्थना करावी. त्यांच्या शिक्षकांसाठी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, परमेश्वराकडे आशीर्वाद मागावा. आणि मुलांना श्यामच्या आईची एखादी गोष्ट सांगावी. धर्मशिक्षणाची सुरुवात तेथूनच होईल.

प्रभू आपल्या सर्व मुलांना आणि त्यांच्या गुरुजनांना आशीर्वादित करो. आमेन.